भाषेची अट नाही

करमाडच्या फाट्यावर वीस फूट उंचीचा फ्लेक्स लागला आणि सार्थकनं कंपनीत जायचा रस्ता बदलला. फ्लेक्सच्या मधोमध तोच उभा होता, कोटात, हाताची घडी घालून. त्याच्या मागं बर्फाचा डोंगर. सार्थक दोन वर्षं हंगेरीतल्या ज्या सेगेद नावाच्या गावी शिकला, तिथं डोंगर औषधालासुद्धा सापडत नाही, सगळा मुलूख पैठण रोडसारखा सपाट. पण फ्लेक्सवाल्याचं म्हणणं पडलं की परदेश म्हटल्यावर मागं डोंगर पाहिजे, नाहीतर लोकांना जालना वाटायचा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हंगेरियन भाषेचे गाढे अभ्यासक, करमाडचे भूषण, चि. सार्थक बद्रीनाथ कोरडे यांचा भव्य नागरी सत्कार.’ खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे. त्यातले दोन जण वारून वर्ष होत आलं होतं, पण मागच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा पट्टा जसाच्या तसा उचलल्यामुळं त्यांच्याही शुभेच्छा आल्या. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत : ‘सौजन्य – विश्वझेप ओव्हरसीज. शिक्षण इंग्रजीत, तिथल्या भाषेची अट नाही!’

वर भाषेबद्दल सत्कार आणि खाली भाषेची गरज नाही म्हणून जाहिरात. एवढ्या मोठ्या गावात हे एकालाही खटकलं नाही. खटकलं फक्त सार्थकला, कारण वरचं खोटं होतं हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. आणि खालचं किती खोटं होतं हेही.

त्याचं असं झालं की विश्वझेपचे सर्जेराव सर आधी द्राक्षांवर फवारायची औषधं विकायचे. मग त्यांना कळलं की द्राक्षांपेक्षा पोरं जास्त वेगानं बाहेरदेशी जातात. त्यांनी शहागंजात बांगड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या, भिंतीवर नकाशा लावला आणि धंदा बदलला. सर स्वतः शिर्डीच्या पलीकडं कधी गेले नव्हते, पण नकाशावर काठी ठेवून ते असं बोलायचे की जणू सगळ्या युरोपला पाळणाघरात त्यांनीच सांभाळलंय.

“तिथली भाषा?” सार्थकच्या वडिलांनी, बद्रीनाथरावांनी, पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

“काय करायची ती भाषा, बद्रीनाथराव?” सर म्हणाले होते. “पुस्तकं इंग्रजीत, मास्तर इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पोरगं शिकायला चाललंय का वट्यावर बसून गप्पा हाणायला?”

बद्रीनाथरावांना हे फार पटलं. पोरानं गप्पा हाणू नयेत ही त्यांची जुनी इच्छा होती. ती हंगेरीत पुरी होईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

सार्थक अन्नप्रक्रियेचं शिकायला गेला. वर्गात सतरा देशांची पोरं, आणि त्यात हंगेरीचं एकही नाही. वर्गाच्या आत सगळं इंग्रजी. वर्गाचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की इंग्रजी उंबऱ्यावर चप्पल काढल्यासारखी मागं राहायची. पाववाली, पोस्टातला कारकून, दवाखान्यातली नर्स, सगळे भले लोक होते, भरभरून बोलायचे, आणि सार्थक आपला मान डोलवायचा. आपली मान कशी डोलते तुम्हाला ठाऊक आहे, इकडून तिकडं, तबल्यावर दाद दिल्यासारखी. आपल्याकडं त्याचा अर्थ ‘व्हय, बरोबर’. त्या लोकांना वाटायचं ‘नाही’. पहिल्याच हिवाळ्यात दाढ दुखायला लागली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई एकेका दाढेवर टिचकी मारत विचारत गेल्या, ही का? ही का? दुखरी दाढ आली तशी सार्थकनं जीव तोडून मान डोलवली. बाईंनी ती सोडून दिली आणि पुढच्या दाढेकडं वळल्या. शेवटी सार्थक दमून गप बसला, आणि ज्या दाढेवर तो गप बसला, तीच उपटली गेली. दुखरी दाढ घेऊन तो ट्राममधून घरी आला.

पदवी मिळाली. चांगल्या गुणांनी मिळाली. मग नोकरीसाठी तो मुरंबे, लोणची, सुकी मिरची करणाऱ्या अकरा कारखान्यांत गेला. सगळीकडं साहेबानं इंग्रजीत कौतुक केलं आणि शेवटी एकच विचारलं, “खाली यंत्रावर चाळीस माणसं आहेत. त्यांच्याशी तुम्ही काय बोलणार?” सार्थकनं मान डोलवली. ह्या वेळी त्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला.

तो परत आला. घरी सांगितलं, “अण्णा, कंपन्या लई मागं लागल्या होत्या. पण माती सोडवंना.” बद्रीनाथरावांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच दिवशी त्याला नेऊन बांधावरून सगळी माती दाखवली. आता सार्थक चितेगावच्या एका मसाल्याच्या कारखान्यात होता. तिथं चाळीस माणसं होती आणि ती मराठी बोलत होती, एवढं त्याला पुरेसं होतं.

गडबड झाली ती आल्या आठवड्यातच. ओट्यावर जमलेल्या बायकांत कुणीतरी विचारलं, “तिथली भाषा येती का रं मग?” आणि सार्थक म्हणाला, “येते थोडी.”

तो खरं बोलत होता. त्याला नमस्कार, आभार आणि पाव एवढं येत होतं. पण करमाडात ‘थोडी’ ह्या शब्दाचा हिशोब वेगळा आहे. ज्याला खरंच थोडं येतं तो तिथं ‘लई येतं’ म्हणतो. ज्याला लई येतं तो लाजून ‘थोडं’ म्हणतो. गावच्या ज्या पैलवानानं तालुका गाजवला तोही ‘थोडं खेळतो’ म्हणायचा आणि पखवाजवाले माऊली तर ‘थोडं बडवतो’ म्हणायचे. त्यामुळं सार्थकचं ‘थोडी’ संध्याकाळपर्यंत शेंद्र्याला पोचेतो गाढ्या अभ्यासाएवढं झालं होतं.

त्यानं ते तेव्हाच खोडून काढलं असतं. पण मधी दीपमाला होती.

दीपमाला त्याची धाकटी बहीण. शहरातल्या कॉलेजातून तिनं रसायनाची पदवी पहिल्या वर्गात घेतली होती आणि तिला त्याच सेगेदला पुढं शिकायला जायचं होतं. हट्ट नव्हता तिचा. हट्ट परवडला असता, तो दोन जेवणं चुकवून उतरतो. ती नुसती रोज सकाळी शांतपणे म्हणायची, “अण्णा, सप्टेंबरात जायचंय मला.” शेवटी बद्रीनाथरावांनी निकाल दिला, “सार्थकनं चार लोकांदेखत सांगावं, की तिथं आपल्या पोरीचं निभंल म्हणून. त्याला तिथलं सगळं ठावं हाय, भाषा येती, माणसं ओळखतो. त्याचा शब्द आला तर पाठवतो. नाय आला तर विषय संपला.”

म्हणजे सार्थकचं खोटं उघडं पडलं की दीपमालाचं जाणं बुडालं. पोरासारखं पोर तिथं मुकं होऊन परत आलं म्हटल्यावर पोरीला कोण पाठवतंय? सार्थकनं आठ महिने तोंड मिटून ठेवलं. तिनं दोनदा-तीनदा म्हटलं होतं, “दादा, शिकव ना थोडी.” त्यानं सांगितलं, “ती भाषा शिकवून येत नसते दीपे, तिथल्या हवेतनं येती.” मग तिनं विचारायचं सोडलं. तो यायच्या आधीपासूनच म्हशीचं दूध काढताना, कॉलेजच्या बसमध्ये, भाकऱ्या थापताना तिच्या कानात वायरी असायच्या. सार्थकला वाटायचं, गाणी ऐकते पोरगी.

सत्काराचा दिवस उजाडला. सकाळी अकराचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे साडेबाराला सुरू झाला. मंगल कार्यालयात तीनशे माणसं, मागं मसालेभाताचा वास, स्टेजवर मोठा पडदा. मंडप आणि माईक शहागंजच्या मुख्तारभाईंचा. चाळीस वर्षं ते लोकांच्या लग्नात आणि सत्कारात माईक लावत आले होते, आणि बोलणारा किती वेळ घेणार हे ते त्याच्या खाकरण्यावरून ओळखायचे. सार्थकच्या डोक्याला त्यांच्याच माणसानं केशरी फेटा बांधला. सार्थकचं डोकं फिरत होतं, त्यामुळं फेटा तीनदा बांधावा लागला.

सर्जेराव सर उठले. “मित्रहो,” ते म्हणाले, “आम्ही या मुलाला पाठवला तेव्हा याला तिथलं अक्षर येत नव्हतं. आणि आज? आज तिथले लोक याच्याकडं व्याकरण विचारायला येतात! म्हणून आम्ही सांगतो, भाषेची अट नाही!” टाळ्या झाल्या. “आज याच व्यासपीठावर, भावाच्या शब्दाखातर, कुमारी दीपमाला आमच्या नव्या तुकडीचा पहिला फॉर्म भरणार आहे. पण त्याआधी मी सार्थकरावांना विनंती करतो, की चार वाक्यं, चारच, हंगेरियन भाषेत बोलून आपले कान तृप्त करावेत!”

सार्थकला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो माईकपुढं उभा राहिला. पहिल्या रांगेत अण्णा, पांढऱ्या टोपीत. शेजारी माय, आवडाबाई, ठेवणीतलं इरकल नेसलेली. तिच्या शेजारी दीपमाला, मांडीवर फॉर्म, हातात पेन. नमस्कार, आभार आणि पाव एवढ्यावर भाषण उभं करणं कुठल्याही वक्त्याला अवघड गेलं असतं.

आणि तेव्हा त्याच्या तोंडातनं ट्राम बाहेर पडली.

दोन वर्षं रोज दोनदा तो ट्रामनं गेला-आला होता. ट्राममध्ये रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज यायचा, तीच वाक्यं, त्याच चालीत. त्या मुलखात त्याच्याशी न चुकता रोज बोलणारी ती एकटीच होती. अर्थ त्याला कळत नव्हता, पण एकेक अक्षर छातीत मुरलं होतं. “केर्युक, विज्याझानक,” सार्थक म्हणाला, “अझ आयतोक झारोदनक.” आवाज असा लागला की मुख्तारभाईंनी चमकून वर बघितलं. “अ कोवेत्केझो मेगाल्लो...” आणि मग त्यानं ओळीनं सगळे थांबे घेतले. पहिल्या थांब्याला हात वर केला, तिसऱ्याला मूठ वळली, पुलाजवळच्या थांब्याला आवाज कातर केला आणि शेवटच्या स्टेशनाला दोन्ही हात आभाळाकडं.

सभागृह सुन्न झालं. पेन्शनर गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “संस्कृतची धाकटी बहीण वाटते,” ते शेजाऱ्याला म्हणाले. मागं कुणीतरी, “काय भाषा हाय राव! हिथं लागती, हिथं,” म्हणत काळजावर हात आपटला.

“अर्थ! मराठी अर्थ!” सर्जेराव सर ओरडले.

सार्थकला आता मागं फिरायला वाट नव्हती. “मी म्हणालो,” तो म्हणाला, “की हे माय करमाड, तुझी माती कपाळाला लावून मी सात समुद्र ओलांडले. तिथल्या नदीकाठी उभा राहिलो तरी माझ्या डोळ्यांपुढं आपलीच विहीर होती...”

आणि त्या भरल्या शांततेत पहिल्या रांगेतून खळखळून हसू आलं.

दीपमाला हसत होती. फॉर्म तोंडावर धरला होता तरी खांदे हलत होते.

“दीपे!” आवडाबाईंनी चिमटा काढला. “लोकं रडायलेत आन् तू दात काढायलीस व्हय?”

“असू द्या, असू द्या,” सर्जेराव सर पाघळून म्हणाले. “बहिणीचा आनंद आहे तो! ये बाळ, तूही दोन शब्द बोल.”

दीपमाला स्टेजवर आली. तिला वाटत होतं दादानं गावाची मस्त फिरकी घेतली. गेलं वर्षभर म्हशीखाली, बसमध्ये, चुलीपुढं तिच्या कानात गाणी नव्हती, हंगेरियनचे धडे होते, आणि दादाला चकित करायला तिनं आजचाच दिवस राखून ठेवला होता. माईक हातात घेऊन, डोळे मिचकावून तिनं त्याला विचारलं, “होज हीवनाक?”

दोनच शब्द.

तीनशे माणसांनी श्वास रोखला. पोरगीसुद्धा बोलते! “काय म्हणाली? सार्थक, सांग की काय म्हणाली!”

सार्थकनं बहिणीकडं बघितलं. त्याला वाटलं, पोरीनं कुठूनतरी दोन शब्द पाठ केलेत, थोरामोठ्यांच्या ऋणाबिणाचे असणार. तो घसा साफ करून म्हणाला, “ती म्हणते, की ज्या आई-वडिलांनी आम्हाला पंख दिले, ज्या गावानं आभाळ दिलं, आणि ज्या सर्जेराव सरांनी वाट दाखवली, त्या सर्वांच्या ऋणात मी जन्मभर—”

“दादा,” दीपमालाच्या तोंडून निघून गेलं, आणि माईक चालू होता. “मी विचारलं, तुझं नाव काय.”

मुख्तारभाईंनी झटकन माईकचं बटण बंद केलं. चाळीस वर्षांचा अनुभव होता, पण ह्या वेळी हात एका वाक्यानं उशिरा पोचला. “या अल्ला,” ते पुटपुटले, “गई भैंस.”

दीपमालाचा चेहरा उतरला. आपण काय केलं हे तिला आत्ता कळलं. सार्थकनं फेटा काढून टेबलावर ठेवला. बोलून टाकायला त्याला माईक लागला नाही, एवढी शांतता होती.

“मला येत नाही ती भाषा,” तो म्हणाला. “मघाशी म्हणलं ते ट्रामचं होतं. गाडीत लावलेलं असतं, दारं लागायलीत आणि पुढचा थांबा कुठला ते. शब्दाशब्दाचा अर्थ मलाही ठाऊक नाही, नुसता अंदाज.”

बद्रीनाथराव सावकाश उठले. “मग दोन वर्षं तिथं बोलत काय व्हतास तू?”

“नाही बोललो.”

“म्हंजे?”

“म्हंजे वर्गात बोलायचो इंग्रजीत. बाहेर नाही.”

“कुणाशीच नाय?”

“कुणाशीच नाही, अण्णा.”

आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला. “म्हणून व्हय रं,” त्या म्हणाल्या, “रोज फोन करून तास तास बसायचास? म्हशीनं किती दिलं, भाजीला काय केलं, कोंबडी कुठं बसली, सगळं इचारायचास. मी म्हणायचे पोराला घरची लई ओढ.”

सार्थकनं मान डोलवली. इथं तिचा अर्थ सगळ्यांना कळला.

“ठरलं मग,” बद्रीनाथराव म्हणाले. “पोरगी नाय जायची. बाप्या गडी मुका व्हऊन आला. हिला मी तसल्या मुलखात टाकू? दीपे, फाड ते कागद.”

पण सर्जेराव सर असे तसे नव्हते. ज्यांनी गारपिटीनंतर द्राक्षांचं औषध विकलं होतं त्यांना हे काय जड? त्यांनी दीपमालाच्या हातून माईक ओढला आणि मुख्तारभाईंना बटण चालू करायला लावलं. “बघितलंत, मित्रहो!” ते गरजले. “दोन वर्षं! एक शब्द येत नाही! तरी पदवी आणली की नाही? पहिल्या वर्गात आणली की नाही? मग मी काय सांगत होतो? भाषेची अट नाही!”

आणि खोटं वाटेल, पण टाळ्या पडल्या. मघापेक्षा जोरात पडल्या. सात बापांनी तिथल्या तिथं सरांचा नंबर लिहून घेतला. गुरुजींनी पुन्हा चष्मा पुसला.

टाळ्या न वाजवणारे घरचे चौघंच होते. बद्रीनाथराव तसेच उभे. “कागद फाड म्हणलं ना.”

“अण्णा, मला येती भाषा,” दीपमाला म्हणाली. “वर्ष झालं शिकायले.”

“कुणाकडं?”

“फोनवर.”

“फोन कायबी शिकवंल. खऱ्या माणसाशी बोललीस का तू एक तरी शब्द?”

दीपमालानं खाली बघितलं. “नाय.”

“मग? ह्यालाबी वाटत व्हतं, ह्याचं चालतंय.” बद्रीनाथरावांनी हात पुढं केला. “आण इकडं.”

ती फॉर्म द्यायला निघाली तेव्हा सार्थकनं तिचं मनगट धरलं. आठ महिने त्यानं तिच्यासाठी खोटं राखलं होतं आणि ते तिच्याच तोंडून फुटलं होतं. आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि माणसाला त्याचा मोठा आधार असतो.

“अण्णा, पाच मिनिटं,” तो म्हणाला. “माझी घरमालकीण होती तिथं. पिरोश्का नेनी. म्हाताऱ्या बाईला तिकडं नेनी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. तिचा नंबर आहे. इंग्रजी तिला एक शब्द येत नाही. दीपी बोलू दे तिच्याशी. नाही जमलं तर मीच फाडतो कागद.”

बद्रीनाथरावांनी सभागृहाकडं बघितलं. तीनशे माणसं भात विसरून बसली होती. “लाव,” ते म्हणाले.

मुख्तारभाईंनी सार्थकचा फोन मोठ्या पडद्याला जोडला. “भाभीजान उठे हैं ना उधर?” त्यांनी हळूच विचारलं. तिकडं सकाळचे नऊ वाजले होते. घंटी वाजली, वाजत राहिली, आणि मग वीस फुटी पडद्यावर एक कान आला. नुसता कान. फोन कानाला लावायची सवय असलेली बाई ती. दीपमाला काहीतरी बोलली, कान दचकला, आणि कानाच्या जागी पांढऱ्या केसांची, गुबगुबीत गालांची म्हातारी आली. तिनं सार्थकला बघितलं आणि टाळी वाजवून ओरडली.

“काय म्हणते?” सगळे सार्थककडं वळले. सार्थकनं दीपमालाकडं बोट केलं.

“म्हणतात,” दीपमाला चाचरत म्हणाली, “कपाटवाला! माझा कपाटवाला पोरगा!”

“कपाटवाला?” बद्रीनाथरावांनी विचारलं.

दीपमालानं विचारलं. पिरोश्का नेनी बोलायला लागल्या आणि थांबेचनात. दीपमाला सुरुवातीला दोनदा अडखळली, “सावकाश बोला” म्हणाली असावी, कारण म्हातारी सावकाश बोलली, पण भलतीच मोठ्यानं, आंधळ्याला रस्ता सांगावा तशी. मग हळूहळू दीपमालाच्या जिभेवरचा ताण गेला. मधेच तिनं काही विचारलं आणि म्हातारी मांडीवर थाप मारून हसली. मग दीपमालाही हसली. मग एकाएकी हसू आवरून भावाकडं वळली.

“अगं सांग की!” माणसं ओरडली.

“दादा,” ती म्हणाली, “तुझ्या खोलीत भिंतीला लोखंडी हीटर होता का?”

“होता. बंद पडलेला. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचो.”

“बंद नव्हता. त्याचा नळ कपाटाच्या मागं होता.”

सार्थकनं आ वासला. दोन हिवाळे तो मायनं दिलेल्या तीन गोधड्या अंगावर, एक अंगाखाली, कानटोपी, दोन स्वेटर आणि चहाची गरम किटली पोटाशी धरून झोपला होता. थंडी अशी की रात्री पाहिलेली स्वप्नं सकाळी आठवायची नाहीत, गोठून जायची.

“त्या म्हणतात,” दीपमाला सांगायला लागली, “मी रोज सकाळी येऊन कपाटाकडं बोट करायचे. म्हणायचे, बाळा, कपाट सरकव, मागं नळ आहे, फिरव. हा हात जोडायचा, मान हलवायचा, आणि फडकं आणून कपाट पुसायचा.”

“मला वाटायचं कपाटाला धूळ लागली म्हणून रागावते,” सार्थक पुटपुटला.

“रोज पुसायचा. दोन वर्षं. त्या म्हणतात, मला वाटलं ह्यांच्या धर्मात कपाटाला काही मान असेल. आपण कशाला दुखवा? म्हणून मी नाताळला पॉलिशची बाटली भेट दिली.”

“दिली होती,” सार्थक म्हणाला. “तेव्हापासून मी दोनदा पुसायला लागलो.”

सभागृह फुटलं. खुर्च्यांवरनं माणसं घसरली. मुख्तारभाई स्पीकरला टेकून डोळे पुसत होते. पण आवडाबाई हसत नव्हत्या. त्या उठून थेट पडद्यापुढं गेल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. “दीपे, तिला इचार, पोरगं जेवत व्हतं का नीट.”

दीपमालानं विचारलं. “म्हणतात, नाय. सूप करून दारात ठेवायचे. वाटी धुऊन परत यायची, पण कसं लागलं ते कधी कळलं नाय. त्या म्हणतात...” ती मायकडं वळली. “म्हणतात, नवरा गेल्यावर मी खोली भाड्यानं दिली ती घरात कुणी बोलणारं असावं म्हणून. पोरगा लई गुणाचा निघाला. पण त्याला आणि मला, दोघांनाही, त्या घरात बोलायला कपाटच होतं.”

हसणं बसलं. आवडाबाईंनी पडद्यावरच्या त्या मोठ्या गालाला हात लावला आणि कडाकडा बोटं मोडली. पिरोश्का नेनींना ते काय आहे ते कळलं नाही, दीपमालानं सांगितलं, तेव्हा म्हातारीनंही आपल्या फोनला हात लावला, आणि पडदाभर अंगठा झाला.

मग दोघी म्हाताऱ्या सुरूच झाल्या. इकडून मराठी, तिकडून हंगेरियन, मधी दीपमाला. तुमच्याकडं मिरची कवा लावता? आमच्याकडं माळा करून वाळवतात, तुमच्याकडं? डेठासकट कुटता का डेठ काढून? डेठासकट म्हटल्यावर आवडाबाईंनी तोंड वाकडं केलं, ते दीपमालानं सांगितलं नाही, पण पिरोश्का नेनींनी बघितलं आणि वाद घातला. मसालेभात गार झाला. सर्जेराव सर दोनदा मधी येऊन “तर मित्रहो” म्हणाले. कुणी ऐकलं नाही. नंबर लिहून घेतलेल्या सात बापांतला एकजण त्यांच्या कोटाची बाही ओढून विचारत होता, “सर, पोरगं जायच्या आधी ती भाषा शिकवायचा क्लास हाय का तुमच्याकडं?” आणि सर नव्या क्लासचं नाव लिहायला खिशात पेन शोधत होते.

बद्रीनाथराव अर्धा तास एका जागी उभे होते. त्यांना दोन्हीकडची मिरची ऐकू येत नव्हती. ते पोरीकडं बघत होते. ती कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, सहा हजार किलोमीटरवरच्या बाईशी अशी बोलत होती जशी शेजारच्या मळ्यात बोलावी.

“थांबा गं दोघी,” शेवटी ते म्हणाले. ते स्टेजवर चढले, टोपी नीट केली आणि पडद्याला नमस्कार केला. “दीपे, बाईला म्हणावं, सप्टेंबरात ती खोली मोकळी हाय का? पोरगी यायलीय आमची.”

दीपमाला पडद्याकडं वळली. तिनं विचारलं. पिरोश्का नेनी बराच वेळ, हातवारे करत, एकदा नाक पुसत, एकदा मागं वळून त्या खोलीचं उघडं दार दाखवत बोलल्या.

तीनशे माणसांनी सवयीनं माना वळवल्या आणि सार्थककडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघता?” सार्थक म्हणाला. त्यानं एक खुर्ची ओढली आणि बहिणीसमोर ठेवून बसला, वर्गात पहिल्या बाकावर बसावं तसा. “तिला विचारा. मलाही ऐकायचंय.”